कोतवाल बुकातली मुलगी

आज तहसिलीतल्या तिसऱ्या खेपेला आईच्या जन्माच्या नोंदीची नक्कल हातात आली. रात्रीचे दहा वाजून गेलेत. आई आतल्या खोलीत झोपली आहे आणि मी तो कागद समोर घेऊन बसलोय. उद्या स्कॅन करून ताईला पाठवायचा आहे, त्याआधी इथे लिहून ठेवतो.

ताई अमेरिकेची नागरिक झाली तेव्हाच म्हणाली होती, आता आईला कायमचं इकडे आणते. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येतो, आणि भावंडांच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग त्यात नसते. आय-१३० हा तिचा अर्ज मंजूर व्हायला वर्ष उलटलं. मग फाइल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथला, नॅशनल व्हिसा सेंटरला गेली. तिथून बीएमबी या अक्षरांनी सुरू होणारा केस नंबर आला. बीएमबी म्हणजे मुंबई. मुलाखत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत होणार. व्हिसाचे ३२५ डॉलर आणि ताईच्या हमीपत्राच्या तपासणीचे १२० डॉलर तिने तिथूनच भरले. तोवर सगळं तिच्या हातात होतं. आईचा जन्मदाखला लागेल, असं तिने सांगितलं आणि काम माझ्याकडे आलं.

आईला जन्मदाखला नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा, आई त्याच्या आधीची. तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीने रजिस्टर पाहून 'नोंद आढळत नाही' असं अनुपलब्धता प्रमाणपत्र दिलं. अशा वेळी हे प्रमाणपत्र आणि सोबत दुसरे पुरावे, म्हणजे शाळेचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, असं चालतं. ताई म्हणाली, तेवढं पुरे. पण आमच्याकडे कुणाच्याही जातपडताळणीचं काम निघालं की पहिला शब्द येतो तो कोतवाल बुक. त्या काळात गावात कोण जन्मलं, कोण वारलं याची खबर कोतवाल द्यायचा आणि ती रजिस्टरं तहसिलीत जमा व्हायची. कागदावर त्याला गाव नमुना १४ म्हणतात. मला वाटलं, आईची नोंद असेल तर तिथेच असेल. नुसत्या 'आढळत नाही'वर तिला पाठवायचं माझ्या जिवावर आलं.

पहिल्या खेपेला रेकॉर्ड रूमचे बाबू रजेवर होते. दुसऱ्या खेपेला रजिस्टर सापडलं, पण १९५० ते ५२चं. आज मात्र त्यांनी स्वतःच गठ्ठा सोडला, धूळ झटकली आणि म्हणाले, बसा इथंच, मिळून पाहू. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पानं इतकी ठिसूळ झालीत की बोटाने उलटवता येत नाहीत, खालून पुठ्ठा सरकवावा लागतो.

आजोबांच्या नावापुढे दोन नोंदी निघाल्या. १९५३ साली मुलगी. १९५६ साली मुलगी. बाळाच्या नावाचा रकाना दोन्हीकडे कोरा.

मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. यातली आई कोणती? बाबूंनीच मृत्यूची पानं काढली. १९५४ साल, आजोबांचंच नाव, मुलगी, वय दहा महिने, कारण ताप. म्हणजे १९५३ची ती गेली, आणि १२ जानेवारी १९५६ची ती माझी आई.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीजवळ बसली होती, हातातली भाकर तव्यावर टाकून म्हणाली, "माह्या आंधी एक पोट्टी झाली होती, माहीत हाये मले. मायनं कधी तिचं नाव नाही काढलं." नाव होतं का तिला, मी विचारलं. आई म्हणाली, असंन न, दहा महिन्याची होती तं.

आणि तारीख सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. ती लहानपणापासून म्हणत आलीय, "संक्रांतीच्या दोन दिवस आंधी, माय तीळ निवडत बसली होती अन् पोटात दुखाले लागलं." आम्ही कुणीच ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. कारण शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९५६ आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. आमच्या भागात त्या पिढीतली अशी जुलैची माणसं गावोगाव भेटतात. तीच तारीख आधारवर चढली, तीच पासपोर्टवर. सत्तर वर्षांत आईचं म्हणणं खरं ठरवणारा हा पहिलाच कागद.

आता प्रश्न असा की हा कागद जोडायचा की नाही. तारखा जुळत नाहीत, उगाच शंका येईल, असं माझ्या मेव्हण्यांचं मत. ताईने तिथल्या वकिलाला विचारलं. त्याने सांगितलं, लपवू नका. नक्कल जोडा, अनुपलब्धता प्रमाणपत्र जोडा, शाळेचा दाखला जोडा आणि फरक कसा पडला ते प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा. मला बरं वाटलं. तो कागद कपाटात ठेवून द्यायचा म्हटलं असतं, तर मला झोप आली नसती.

इंग्रजी भाषांतर मीच केलं. शाळेत इंग्रजी शिकवतो, तेवढं येतं. भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, असं खाली सहीनिशी लिहून द्यावं लागतं. 'मुलगी'ला फीमेल चाइल्ड लिहिलं. जन्माच्या राज्यापाशी अडलो. जानेवारी १९५६मध्ये अमरावती जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि महाराष्ट्र झाला १९६०ला. पासपोर्टवर महाराष्ट्र आहे, म्हणून फॉर्ममध्ये महाराष्ट्र लिहिलं. आई एका गावातून लग्न करून दुसऱ्या गावात आली, एवढाच तिचा प्रवास. राज्यं मात्र तिच्या अंगणात तीन येऊन गेली.

डीएस-२६० हा मोठा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. सोळाव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात, सगळे पत्ते. आईचे दोनच. व्यवसायात ताईने गृहिणी लिहिलं होतं. मी फोनवर म्हटलं, ताई, शेती लिही. पन्नास वर्षं निंदण-वेचणी केली तिने, बाबा गेल्यावर बारा एकर तिनेच सांभाळलं. ताई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी बदल केलेला दिसला.

पोलीस पडताळणीचा दाखला नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून काढला. वैद्यकीय तपासणी वकिलातीने ठरवलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, ती मुंबईला गेल्यावर. विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट वर्ध्याहून काढू, मुलाखतीची तारीख आली की. आईला काळजी वेगळीच. रेशन दुकानात तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही, कापूस वेचून रेषा गेल्यात. मुंबईत बोटांचे ठसे घेतात हे कळल्यापासून रोज रात्री हाताला खोबरेल लावते.

परवा तिने विचारलं, "वेचा सुरू झाला का मले येता येईल न इकडं?" मी खरं ते सांगितलं. येता येईल, पण फार दिवस राहता येणार नाही. वर्षाच्या वर बाहेर राहिलं तर ग्रीन कार्ड, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी, धोक्यात येतं, आणि त्याहून कमी राहिलं तरी घर तिकडेच आहे असं दिसलं पाहिजे. हा पाहुण्यांचा व्हिसा नाही, आई. ती उठून बाहेर गेली. गोठ्यात बैलांना चारा टाकलेलाच होता, तरी तिने परत टाकला.

तिने जावं असं मला वाटतं. ताईकडे तिला आराम मिळेल, तिथे नातू आहे, गुडघ्यांकडे कुणी नीट बघेल. आणि तिने जाऊ नये असंही वाटतं. दोन्ही तितकंच खरं आहे. ज्या हाताने मी ही फाइल लावतोय, त्याच हाताने घरातलं माणूस दूर करतोय, हे ताईला कसं सांगावं कळत नाही. ती तिथे दिवस मोजते आहे, तिलाही हक्क आहे.

एक गोष्ट राहिली. आईची दोन नावं आहेत. इथे लिहीत नाही, ती तिची आहेत. माहेरचं नाव एका नदीचं, आणि लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं एका देवीचं. शाळेचा दाखला नदीच्या नावाने, पासपोर्ट देवीच्या. दोन्ही एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे केलं. साक्षीला आईचे चुलतभाऊ आले, ऐंशी पार केलेले. सही करताना आईकडे बघून म्हणाले, "हे तं आमची लहानी होय, हिले कोण नाही ओळखत."

आज जेवण झाल्यावर आईला मुलाखतीचं समजावत होतो. खिडकीपाशी बोलावतील, उजवा हात वर करून खरं सांगेन अशी शपथ घ्यायला सांगतील, मग नाव विचारतील. घाबरू नको.

"कोणतं नाव सांगू?"

पासपोर्टवरचं सांग, मी म्हटलं.

"अन् आंधीचं विचारलं तं?"

तेही सांग. फॉर्ममध्ये लिहिलंय आपण.

तिने उजवा हात थोडासा वर केला आणि हळूच ते नाव घेतलं. मग जरा मोठ्याने, आजोबांच्या नावासकट. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, तिच्या तोंडून ते नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं.