खाणपट्ट्यात जुन्या आर्मी जीपचे पार्ट शोधायला गेलो त्याचा वृत्तांत

बेळगावहून चोर्ला घाटाने पहाटेच निघालो, साखळीत पोचलो तेव्हा दुकानांची शटरं नुकतीच वर होत होती. मी आणि माझा भाचा, डिकीत व्हर्निअर, वायर ब्रश, रॉकेलची बाटली आणि एक जुना टॉवेल, एवढंच सामान. गोव्यात जुन्या जीपचा माल बघायचा असेल तर बीचकडे फिरकू पण नका, सरळ साखळी, डिचोली, उसगाव धरा, वेळ असेल तर खाली कुडचडे-सावर्डे. खाणींवर जीपा वर्षानुवर्षं राबल्यात, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा बऱ्याच गॅरेजवाल्यांनी दुसरा धंदा धरला पण माळ्यावरचा माल कोण हलवणार, तो तिथेच.

गाडी मामांची. आरसी बुकात विलीज, म्हणजे मूळ अमेरिकन जीपवाली कंपनी, १९४४. आता ऐंशी वर्षांत कितीतरी मिस्त्रींचे हात लागलेल्या जीपचे पार्ट आरसी बुक बघून आणणं म्हणजे आधार कार्ड दाखवून चष्म्याचा नंबर मागण्यासारखं आहे. दुकानात जाऊन "विलीजचं अमुक द्या" म्हणालात की समोरचा महिंद्राचं काढून देतो, आणि त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही, महिंद्राने १९४७ पासून इथे विलीजच जोडल्या ना, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळं एकच. म्हणून गाडीचं नाव सांगूच नका, तुमच्या गाडीखाली आत्ता जे बसलंय त्या असेंब्लीचं नाव सांगा, आणि ते कळायला निघायच्या आधी एक रविवार गाडीखाली घालवा.

काय बघायचं? आधी चासी. पुढच्या बंपरमागचा आडवा मेंबर गोल पाइपचा असेल तर विलीज एमबी, चौकोनी पत्र्याचा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे तीच जीप पण फोर्डने बनवलेली. फोर्डने तर बारीकसारीक भागांवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा एफ अक्षर ठोकलंय, रॉकेल लावून ब्रश मारला की उमटतं. मागे उघडणारं फळकं असेल तर बॉडी सीजेची, म्हणजे सिव्हिलियन जीपची. ग्रिलला नऊ खाचा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली, सात म्हणजे नंतरची. इंजिन साइड व्हॉल्व्हचं की वरून इनटेक असलेलं हरिकेन, हे बघूनच हेडचं पॅकिंग मागा, दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३ १/८ इंचच आहे पण हेड पूर्ण वेगळं. साइड व्हॉल्व्हमध्ये पण युद्धातल्या इंजिनात टायमिंग चेन होती, नंतर गिअर आले, तेव्हा पुढचं कव्हर उघडल्याशिवाय टायमिंगचं काहीच विकत घेऊ नका.

डिचोलीच्या एका गॅरेजमधल्या काकांकडे आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. मामांच्या जीपला फोर-व्हील टाकली की कच्च्या रस्त्यावर बरी चालायची आणि डांबरावर आली की जखडायची, लिव्हर सुटायचा नाही. बेळगावच्या एका मिस्त्रीने ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा डबा) बदला म्हणून सांगितलं होतं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागचं एक्सल हाउसिंग मूळचं काय रे?" मग त्यांच्याकडे उभ्या असलेल्या एका जीपवर करून दाखवलं ते सांगतो. न्यूट्रलमध्ये एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू दे, प्रोपेलर शाफ्टवर (एक्सलला फिरवणारा लांब दांडा) खडूची खूण करा आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्ट पाचला किंचित कमी फिरला तर रेशो ४.८८, म्हणजे युद्धातला एमबीचा, एक्सलमधल्या क्राऊन गिअरला ३९ दाते, त्याला फिरवणाऱ्या पिनियनला ८. साडेपाचच्या जरासा अलीकडे थांबला तर ५.३८, म्हणजे ४३ आणि ८, हा नंतरच्या सीजेचा. पुढे एक आणि मागे दुसरा असेल तर डांबरावर जखडणारच, ट्रान्सफर केस बिचारी काय करेल. आमच्या गाडीवर हे घरी परतल्यावर केलं, पुढे ४.८८ मागे ५.३८ निघालं.

पण काकांनी दाखवलं तेव्हा तिथेच आमचा शोध बदलला, ट्रान्सफर केस सोडून क्राऊन-पिनियन बघायला लागलो. काकांच्या माळ्यावर दोन क्राऊन-पिनियन होते, ग्रीस फासून मेणकागदात गुंडाळलेले, एक उघडून बघितला तर दात आरशासारखे. भाच्याने मोजले, ४३. काका म्हणाले, "हें तुमच्या गाडयेचें न्हय," आणि परत गुंडाळून ठेवला. आता विचार करून सांगतो, मागचा बदलून मूळचा ४.८८ करण्यापेक्षा पुढचा ५.३८ करणं मला सोपं वाटतं, त्याचा माल मिळतो. मूळपणाच्या हट्टाचे लोक चिडतील, चिडू देत.

ट्रान्सफर केस डाना १८ घेत असाल तर खालचा इंटरमिजिएट शाफ्ट मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. युद्धातला पाऊण इंच, नंतरचा १ १/८, मग सव्वा. बाहेरून तिन्ही केस सारख्याच दिसतात आणि आतले गिअर-बेअरिंग एकमेकांत बसत नाहीत. तसंच फ्लायव्हील रिंगचं. सहा व्होल्टच्या एमबीला ९७ दाते, नंतरच्यांना जास्त, बारा व्होल्टचा सेल्फ स्वस्तात मिळाला म्हणून आणलात तर त्याचं बेंडिक्स (रिंगला अडकणारं दातेरी चाक) दात खाईल.

चाकांची बेअरिंग मात्र जीपच्या दुकानात शोधूच नका. कोन १८५९०, कप १८५२०, हे नंबर घेऊन फोंडा किंवा मडगावच्या कुठल्याही साध्या बेअरिंगवाल्याकडे जा. आणि एमबीच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, पाना मारून स्टड तोडण्याआधी डोक्यावर एल आहे का बघा.

आट्यांचा थ्रेड गेज जवळ ठेवाच. जीप अमेरिकन इंची, जोंगा आणि शक्तिमान या लष्करी गाड्या मेट्रिक. ५/१६ आणि ८ एमएम डोळ्याला सारखे दिसतात, दोन आटे जातातही, मग कास्टिंगचा भुगा.

जोंगावाल्यांसाठी थोडं. ती मुळात निसानची पॅट्रोल ६० (हे मॉडेलचं नाव, इंधन नव्हे), जबलपूरच्या कारखान्यात बनायची, इंजिन ३९५६ सीसीचं सहा सिलिंडर. त्यामुळे परदेशातल्या पॅट्रोल ६० चे कॅटलॉग उपयोगी पडतात. लष्करी पाकिटावर तेरा आकडी स्टॉक नंबर असेल तर पहिले चार बघा, २५३० म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग-एक्सल, २५२० म्हणजे गिअरबॉक्सकडचा माल, २९२० म्हणजे इंजिनची इलेक्ट्रिक. लेबल फाटलं असलं तरी एवढ्यावरून दुकानदार थापा मारतोय का ते कळतं.

जुना स्टॉक, सीलबंद पाकीट, या शब्दांना रबराच्या बाबतीत भुलू नका. ब्रेकचे वॉशर, होज, ऑइल सील नवीनच घ्या. गोव्याच्या खाऱ्या हवेत ग्रीस न लावलेले व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतात, बोट फिरवून बघा, खरखरीत लागलं की सोडून द्या. एमबीला पुढे एक इंच आणि मागे पाऊण इंच बोअर लागतो, चार एकसारखे कुणी देत असेल तर थांबा.

रजिस्ट्रेशनचं पण डोक्यात ठेवा. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्याने नोंदवली तर व्हीए सिरीजचा नंबर आणि फी २०,०००, आधी नोंदलेली असेल तर जुनाच नंबर राहतो, दहा वर्षं चालतं, पण चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. म्हणून इंजिन बदलायच्या आधी एकदा आरटीओत विचारा.

बाकी, दुपारी एक ते साडेतीन दुकानं बंद, तेव्हा जेवून घ्या. रविवारी जाऊ नका, जून ते सप्टेंबर तर नकोच, माळ्यावरचा माल ओला आणि घाटात धुकं. घरच्यांना सोबत नेणार असाल तर त्यांना बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय दाखवा, फक्त सोमवारी ते बंद असतं. भाव ठरवताना तुमची गाडी विलीज आहे हे शेवटपर्यंत सांगू नका, "जुनी महिंद्रा" म्हटलं की आकडा लगेच खाली येतो. आणि बिल हाताने लिहिलेलं का असेना पण घ्या, एक्सलसारखा जड माल घेऊन येताना केरीच्या चेकपोस्टवर डिकी उघडायला लावतात आणि लोखंड कुठून आणलं ते विचारतात.