आमची वाटचाल: सायबर कॅफे ते सेवा केंद्र

2001 साली दोन कॉम्प्युटर आणि एक मॉडेम एवढ्या भांडवलावर आम्ही तालुक्याच्या गावी सायबर कॅफे काढला. देशात इंटरनेट 1995 पासूनच होतं, पण ते विदेश संचार निगमाकडूनच घ्यावं लागे. 1998 च्या धोरणाने ती मक्तेदारी संपली, म्हणून आमच्यासारख्यांना हे धाडस करता आलं. बारावीच्या निकालाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. मॉडेमची किरकिर थांबेपर्यंत पोरं आणि त्यांचे आईबाप श्वास रोखून उभे असत.

2011 मध्ये सायबर कॅफेचे नियम आले. प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, नोंदी वर्षभर जपायच्या, आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत. सुतार बोलावून सगळे आडोसे कापून घेतले. नियमांमागचं कारण मला पटत होतं. तरी ओळखपत्र मागितल्यावर मास्तरांसारखी वडीलधारी माणसं दुखावून परत जायची, ते मनाला लागायचं.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि नेट खिशात गेलं. तासाच्या हिशेबाने बसणारं गिऱ्हाईक बघता बघता संपलं. आम्हाला तारलं ते दाखल्यांच्या कामाने.

2017 ची कर्जमाफी मी विसरणार नाही. अर्ज ऑनलाइनच भरायचे होते. सर्व्हर दिवसा चालेना, म्हणून आम्ही रात्र रात्र दुकान उघडं ठेवलं. एका आजींच्या बोटांचा ठसा काही केल्या उमटेना. खुरपं धरून धरून रेषाच झिजल्या होत्या. माझ्या बायकोने ओल्या फडक्याने त्यांचं बोट पुसलं, जरासं खोबरेल लावलं. पाचव्यांदा ठसा लागला, तेव्हा आजी रडायलाच लागल्या. इंटरनेटची फायबर केबल ग्रामपंचायतीपर्यंत पोचवणं गरजेचंच आहे, पण योजना आखणाऱ्यांनी हे बोटही बघायला हवं होतं, असं मला आजही मनापासून वाटतं.

2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. आमचं तेवढं काम घटलं, पण शेतकऱ्याचा तलाठ्याकडचा हेलपाटा वाचला याचा आनंद जास्त आहे. काही जण तो कसा काढायचा हे शिकायला दुकानात येतात. शिकवायचे पैसे आम्ही घेत नाही.

यंदा आम्ही काउंटरवर दुसरा स्क्रीन बसवला, गिऱ्हाइकाकडे तोंड करून. अर्ज भरताना लोक आपलं नाव स्वतः वाचतात. आडनावातली वेलांटी चुकली, तर दाखला निघायच्या आधीच बोट ठेवून दाखवतात.