दुपार वजा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या दुकानाची मांडणी बदलते. खोकल्याची औषधं मागच्या फळीवर जातात आणि पुढे येतात ओआरएसची पाकिटं, घामोळ्यांची पावडर, कॅलामाइन, कोरफडीचं जेल आणि सनस्क्रीनच्या ट्यूबा. म्हापशात औषधाचं दुकान चालवणाऱ्या बाईला उन्हाळा कॅलेंडरात बघावा लागत नाही, तो काउंटरवर येऊन उभा राहतो. गिऱ्हाईकही दोन तऱ्हेचं. गावचं माणूस सकाळी दहाच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर येतं. पाहुणे येतात पावणेएकला, शटर अर्धं खाली ओढलेलं असताना, खांदे उकडलेल्या कुर्लीसारखे लाल करून.

एक ते चार आमचं दुकान बंद. पुणेकरांच्या वामकुक्षीवर अख्खा महाराष्ट्र विनोद करतो. इथे भुसारी दुकानापासून सोनारापर्यंत सगळे जेवून आडवे होतात आणि कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. "दुपारी इथे काय बघण्यासारखं आहे हो?" असं एका काकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "उशी." ते रागावले बहुतेक. पण मी मनापासून सांगत होते. गोव्याचा उन्हाळा फार सुखाचा आहे, फक्त त्यातून दुपार वजा करायची.

माझं माहेर सावंतवाडी, सासर पेडणे, त्यामुळे दमट उकाडा मला नवा नाही. नागपूरची नणंद मात्र आमचा पारा ऐकून हसते. तेहतीस-चौतीस? तिथे पंचेचाळीस बघितलेलं माणूस ते. मग ती मे महिन्यात चार दिवस राहायला येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फरशीवर पदर पसरून पडलेली असते. विदर्भात घाम येतो आणि उडून जातो, अंग थंड होतं. इथल्या हवेत आधीच एवढं पाणी की घाम उडत नाही, नुसता ओघळतो. म्हणून आकडा लहान दिसला तरी फसायचं नाही.

आणि ऊन? मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य गोव्याच्या बरोब्बर डोक्यावरून जातो. शाळेत शून्य सावलीबद्दल ऐकून लेकीनं स्टीलची पाण्याची बाटली गच्चीवर उभी केली होती. बारा वाजले, सावली होतीच, बोटभर, एका बाजूला. ती हिरमुसली. साडेबाराच्या आसपास बघितलं तर बाटलीच्या बुडाखाली सगळी सावली गोळा झालेली, बाहेर रेघसुद्धा नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, आणि आपण चौऱ्याहत्तरच्या जवळ, म्हणून आपली खरी दुपार अर्धा तास उशिरा होते. ऑगस्टमध्ये हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळात सूर्य सापडला तर ना! सांगायचा मुद्दा, अकरा ते तीन या वेळात इथलं ऊन सरळ टाळूवर पडतं. त्या वेळी किनाऱ्यावर आडवं पडायला लोक पैसे खर्चून येतात, हे मला इतक्या वर्षांत समजलेलं नाही.

सनस्क्रीन विकते मी, तरी सांगते, तिचा नंबर तिसरा. आधी सावली, मग कपडा, मग ट्यूब. सुती पूर्ण बाह्यांचा कुडता आणि रुंद काठाची टोपी यांना दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. आता ट्यूबच घ्यायची तर लोक एसपीएफच्या आकड्यावर भांडतात. तीसची ट्यूब त्वचा भाजणारे सुमारे 97 टक्के किरण अडवते, पन्नासची 98. खरी गडबड आकड्यात नसते, हात राखून लावण्यात असते. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम लागतं. सगळ्या अंगाला लावायचं तर मोठ्या माणसाला एका वेळी तीसेक ग्रॅम. म्हणजे समुद्रावर पोहायला जाणाऱ्याची पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन वेळांत संपायला हवी. आमच्याकडच्या बायका तीच ट्यूब दोन उन्हाळे पुरवतात आणि वर सांगतात, "काही उपयोग नाही हो हिचा." तारीख उलटलेली, स्कूटरच्या डिकीत महिनाभर तापलेली ट्यूब फेकून द्या, जीव अडकवू नका. पाकिटावर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं बघा, ती काळवंडण्याशी संबंधित दुसऱ्या किरणांसाठी. छत्रीखाली बसलात म्हणून बिनधास्त राहू नका. कोरडी वाळू साधारण 15 टक्के अतिनील किरण परत उडवते, लाटेचा फेस 25. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नको, सावलीच हवी. आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील तर ऊन नेहमीपेक्षा जास्त लागतं, हे मी गोळ्या देताना न विचारता सांगते. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं, पेल्यात चिमूटभर नाही. झालं, दुकान बंद.

घरी स्वयंपाकाचा नियम एकच: दहाच्या आत गॅस बंद. सासूबाईंच्या काळापासून अकराला पेज. उकड्या तांदळाची, भरपूर पाण्याची, कोमट. बरोबर खारवलेली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरलेल्या कोवळ्या कैऱ्या, आणि मासे खायचा वार असेल तर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर: सुंगटं कोरडी भाजून, ओलं खोबरं, कांदा, चिंचेचा कोळ, तिखट, हातानं कुस्करायचं, संपलं. लेक हॉस्टेलवरून आली की पहिल्यांदा हेच मागते, पिझ्झा तिसऱ्या दिवशी आठवतो. तिच्यासाठी तिजान करून फ्रिजमध्ये ठेवते. नाचणी रात्री भिजवून वाटून गाळायची, तिचं दूध गुळासोबत शिजवायचं, नारळाचा रस घालायचा, गार करायचं. आटवताना ढवळायचं थांबलात तर गुठळ्या झाल्याच.

पण उन्हाळ्यातला माझा सगळ्यात लाडका पदार्थ सासव. रायवळ आंबे लागतात, आंबट-गोड, रेषाळ, ज्यांना बाजारात कुणी ऐट म्हणून विचारत नाही. साल काढून गर थोडा पिळायचा, बाठे तसेच ठेवायचे. खोबरं, सुकी मिरची वाटून घ्यायची, आणि अगदी शेवटी मोहरी घालून एकदाच फिरवायचं. मोहरी आधी घालून वाटत बसलात की कडू होते, मग कितीही गूळ घाला, सुधारत नाही. गूळ, मीठ, वाटण, आंबे एकत्र. गॅस लागतच नाही. तासभर ठेवलं की मोहरी नाकात चढते. भाताबरोबर खातात म्हणे. आमच्याकडे भातापर्यंत पोचत नाही, बाठे आधीच चोखून ताटात पडलेले असतात.

मानकुराद आंबा हवाच, त्याबद्दल वाद नाही. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्याच्या माणसाला ते आधीपासूनच माहीत होतं. पण हंगामाच्या सुरुवातीला डझनाचा भाव हजारांत असतो तेव्हा मी त्या टोपल्यांकडे बघतसुद्धा नाही. मे अर्धा उलटू द्यावा. आंबाही पिकतो आणि विकणारीही नरमते. मुसराद आंबा घ्यायचा तो मांगाडासाठी, म्हणजे आंब्याच्या जॅमसाठी, कापून खायला नाही. इथे माझ्या माहेरचे लोक देवगड हापूसचा विषय काढतात. मी तेव्हा चहा करायला उठते.

नवऱ्याचा उन्हाळा वेगळ्या बाटलीत असतो. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा भट्टीवर चढवला की हुर्राक उतरतो, पुन्हा चढवला की फेणी. हुर्राक मार्च ते मे एवढाच, टिकत नाही, म्हणून त्याचं एवढं कौतुक. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि सोडा. मी घोटभर घेते, वासासाठी. औषधवाली म्हणून एकच टोचणी लावते: त्यानं तहान भागत नाही, उलट अंगातलं पाणी जातं, आणि नंतर गाडीला हात लावायचा नाही. मला त्याच्यापेक्षा नीरो आवडतो, बोंडांतून आपसूक गळणारा रस. सकाळी घेतला तर सकाळीच प्यायचा, दुपारपर्यंत तो फसफसायला लागतो.

संध्याकाळी पाच वाजले की केरी. गोव्याच्या वरच्या टोकाचा किनारा, सुरूच्या झाडांची गच्च सावली आणि शेजारी तेरेखोलची खाडी. गर्दी कळंगुटची पाव हिस्साही नसते. नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याला ओढ असते, म्हणून आम्ही गुडघ्यापर्यंतच. वेळ असला तर फेरीबोटीनं पलीकडे तेरेखोलला. तिथला किल्ला आमच्या सावंतवाडीकर खेमसावंतांनी बांधलेला, पोर्तुगीजांनी 1746 मध्ये घेतला आणि नंतर आत चर्चही उभं राहिलं. फेरीत बसलं की मी दर वेळी म्हणते, "आमचा किल्ला." नवरा दर वेळी म्हणतो, "मग परत घ्यायचा होतात." गंमत म्हणजे तेरेखोल नदीच्या उत्तरेला असल्यानं जमिनीनं जोडलेला आहे सिंधुदुर्गाला, गोव्यातून जायचं तर पाणी ओलांडावं लागतं.

पहाटे जायचं असलं तर दिवाडी. जुन्या गोव्याहून फेरी, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. सातच्या आत बेटावर सायकल फिरवावी, खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांच्या, बांधावरून, आणि पलीकडच्या नार्व्याची फेरी पकडून सप्तकोटेश्वराला पोचावं. दिवाडीवरचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, देव नार्व्याला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं मंदिर बांधून घेतलं. सभामंडपाच्या गार फरशीवर अनवाणी बसलं की पायांना कळतं जुनी देवळं बांधणाऱ्यांना उन्हाळा ठाऊक होता. नऊ वाजता परत फिरायचं. दहानंतर बांधावर झाड नाही, लपायला जागा नाही.

मग ती वजा केलेली दुपार जाते कुठे? आमच्याकडे ती रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, मालकीची. एप्रिलच्या अखेरीपासून सासूबाई गच्चीचा ताबा घेतात. रातांबे धुऊन फोडायचे, गर-बिया एका बरणीत मिठासकट, सालं वेगळी. मिठानं सुटलेला रस म्हणजे आगळ. त्यात सालं बुडवायची, सुपात पसरून उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा त्याच रसात, सकाळी पुन्हा उन्हात. दरेक खेपेला रंग गडद होतो, शेवटी काळपट जांभळी आमसुलं तयार. या दिवसांत आमच्या बोटांची टोकं लालच असतात. मी गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना लोक दचकतात. बियासुद्धा टाकायच्या नाहीत. धुऊन वाळवायच्या, फोडून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर येणारं तेल काढून गोळे वळायचे. हे भिरंडेल. गोळा उन्हाळ्यातसुद्धा कपाटात घट्ट राहतो, कारण वितळायला त्याला अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडी जास्तच लागते. पळीत किंचित तापवून रात्री टाचांना चोळला की आठवड्यात भेगा भरतात. ओठांनाही चालतो. उन्हापासून मात्र वाचवत नाही, हे सासूबाईंना सांगून झालंय. त्यांचं उत्तर, "मी उन्हात जातंय कशाला?"

मे सरत आला की त्यांचा सगळा जीव आभाळात. वळीव पडला तर अर्धवट सुकलेली आमसुलं बुरसतात. दुपारी तीनला पूर्वेकडे ढग दिसला की झोपलेलं घर उठवून सुपं आत घेतली जातात, आणि पाच मिनिटांत ऊन पडलं की पुन्हा बाहेर. ज्यांना गच्ची नाही त्यांनी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठावा. पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी तेव्हाच चालू असते, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कांद्यांच्या माळा. आमसूल घेताना मुठीत दाबून बघा. बोटांना चिकटलं पाहिजे, मऊ असलं पाहिजे. वर पांढरं मीठ दिसत असेल तर तुम्ही मिठाचे पैसे देताय. थोडं पाण्यात टाकून दाखवायला सांगा, चांगल्या विक्रेतीला राग येत नाही. आगळ घेणार असाल तर काचेच्या बाटलीत घ्या. सकाळी आठच्या आत जा. मी दुकान उघडायच्या आधी उरकते.