जुन्या शाळांची मापे

रत्नागिरीत एखादी जुनी कौलारू शाळा पाडायची ठरली की मी मोजपट्टी आणि वही घेऊन तिथे पोहोचतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यामुळे एकच प्रश्न मला वारंवार विचारला जातो. नवी स्लॅबची इमारत होणार, मुलांना कोरड्या वर्गात बसायला मिळणार, मग त्या गळक्या इमारतीची मापे कशाला घेता? तुम्ही विचारलेत म्हणून नीट सांगतो.

आमच्याकडे कागद टिकत नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर कपाटातल्या हजेरीपटांना आधी बुरशी धरते आणि मग वाळवी लागते. जांभ्याच्या भिंती मात्र उभ्या राहतात, कारण खाणीतून काढताना सहज तासता येणारा चिरा उघड्या हवेत हळूहळू कठीण होत जातो. कोणती खिडकी नंतर बुजवली, कुठे भिंत पुढे घेऊन वर्ग वाढवला, हे त्या चिऱ्यांच्या सांध्यांवरून कळते.

एका शाळेत दाराच्या चौकटीलगत चुन्याच्या गिलाव्यावर बोटभर लांबीच्या उभ्या खाचा होत्या, आणि जमिनीपासून दोन फुटांवर त्या सर्वांत दाट होत्या. पाटीवरच्या पेन्सिलीला टोक काढायला मुलांनी ती तिथे वर्षानुवर्षे घासली होती. खाचांच्या तळाशी करडी पूड अजून होती. पहिलीचा वर्ग कुठे भरत असे, हे मला त्या उंचीवरून समजले. शाळेच्या कोणत्याही कागदात ते नव्हते.

पडवी म्हटली की माझ्या पिढीला पागोळ्यांखाली धरलेले हात आठवतात. पण अस्पृश्य मानलेल्या मुलांना वर्गाबाहेर बसवत, ते अशाच पडव्यांत. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या शाळा, विहिरी आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला, तरीही मुले वेगळी बसवली जातच राहिली. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, तेव्हा मुलांना वर्गात सरमिसळ बसवावे यासाठी त्यांना शाळाशाळांतून आग्रह धरावा लागला. म्हणून पडवीची रुंदी घेताना मी आणखी एक नोंद करतो: पडवी आणि वर्ग यांमधल्या भिंतीला खिडकी होती का, आणि तिच्यातून फळा दिसत असेल का. दोन ठिकाणी भिंत सलग होती. जुन्या शाळेच्या आठवणी सांगताना हे गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आता गळण्याविषयी. कौलारू छप्पर दरवर्षी माणसांचे हात मागते. मृग लागण्यापूर्वी कौले परतायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या आणि झड येते त्या बाजूला नारळाची झापे बांधायची, हे काम माझ्या लहानपणी वाडीतली मंडळी दोन दिवसांत उरकत असत आणि आम्ही मुले खालून कौले पोचवत असू. ते थांबले आणि पाणी तुळयांपर्यंत पोहोचले. तेव्हा इमारत जुनी झाली म्हणून गळू लागली, हे म्हणणे मला मान्य नाही. तिच्यावर चढणारे कोणी उरले नाही.

माझी स्वतःची प्राथमिक शाळा मात्र माझ्या हातून मोजायची राहिली. मे महिन्याच्या सुट्टीत ती पाडली गेली. मला कळले आणि मी धावत गेलो, तेव्हा ऐनाच्या तुळया ट्रकमध्ये चढवल्या जात होत्या आणि मागे फक्त चौथरा उरला होता. मी त्याची तेवढी मापे घेतली, ४२ फूट बाय १८ फूट. पुढच्या पायऱ्या आधीच उखडल्या होत्या. त्या चार होत्या की पाच, यावर माझे आणि माझ्या वर्गमित्रांचे आजही एकमत होत नाही.