आईच्या घरचं अर्थिंग

गेल्या दिवाळीत मी पहिल्यांदा टियागो ईव्ही, म्हणजे माझी विजेवरची गाडी, घेऊन आईकडे गेले. आईचं गाव उंब्रजपासून आत आहे, पुण्याहून साधारण १५० किलोमीटर. घरून बॅटरी १०० टक्के भरून निघाले आणि पोचले तेव्हा २१ टक्के उरले होते. रात्री ओसरीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला, तर खोक्यावर लाल दिवा. काढून पुन्हा लावला, तरी लाल. स्वयंपाकघरातल्या सॉकेटलाही तेच. आई दारात उभी राहून बघत होती. "पोरी, गाडी उपाशीच ऱ्हानार व्हय गं?" तिने आठवडाभर आधीपासून आळीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की लेक विजेवरच्या गाडीने येतेय.

दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या फास्ट चार्जरवर गेले. अॅपमध्ये चालू दिसत होता, प्रत्यक्षात बंद. शेवटी एका वेल्डिंगच्या दुकानदाराने त्याच्याकडे गाडी लावू दिली, आणि तिथे तोच चार्जर पहिल्या झटक्यात चालू झाला. सात तास त्या दुकानात बसले. चहा, जेवण सगळं त्यांनीच दिलं, पैसे घेईनात. पण माझ्या मनाने धसका घेतला. त्यानंतर सहा महिने मी आईकडे एसटीने जात होते आणि गाडी पुण्यातच फिरवत होते.

वाईजवळ ईव्हीवाल्यांचा मेळावा आहे असं ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, तेव्हा जायची इच्छा फारशी नव्हती. घरापासून वाई ८५ किलोमीटर, वाटेत खंबाटकी घाट. तेव्हा जाताना घाट चढावा लागायचा, बोगदा मिळायचा तो पुण्याकडे परतताना. तरीही निघाले. ताशी ऐंशीच्या वर वेग नेला नाही, आणि सुरूर फाट्याला वळले तेव्हा जीव भांड्यात पडला. पोचले तेव्हा ५४ टक्के होते.

हॉटेलच्या मागच्या आवारात आंब्याच्या झाडांखाली वीसेक गाड्या लागल्या होत्या. हिरव्या पाट्यांवरची पांढरी अक्षरं, ओळीने. शहरात अशा गाड्या रोज दिसतात, पण इतक्या एकत्र बघून बरं वाटलं. कुणी नाव विचारायच्या आधी विचारत होतं, "किती टक्क्यांवर निघालात? किती उरले?" पोहे खाता खाताच साताऱ्याच्या एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, म्हणजे माझ्या गाडीत आहे तशी, अधूनमधून घरच्या सावकाश चार्जिंगने पूर्ण १०० पर्यंत न्यायची. नाहीतर गाडीला टक्क्यांचा अंदाज नीट येत नाही, आणि दाखवलेले १५ टक्के खरे किती ते कळत नाही. मी तोवर कुठेतरी ऐकून, लांबचा प्रवास नसेल तेव्हा ८० लाच थांबवत होते.

मग मी लाल दिव्याची हकीकत सांगितली. टेबलाच्या टोकाला बसलेले कराडचे एक काका उठले. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस. म्हणाले, "ताई, तुमच्या आईच्या घराला अर्थिंग नाही, म्हणजे गळका करंट जमिनीत जायला वाट नाही. ती नसली की चार्जर चालूच होत नाही. चला, दाखवतो."

गाडीतून त्यांनी टेस्ट लॅम्प आणला. साधा होल्डर, त्यात १०० वॅटचा बल्ब आणि दोन वायरी. हॉटेलमालकाला विचारून त्यांनी बाहेरच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये एक वायर फेजला, म्हणजे करंट येतो तिथे, आणि दुसरी न्यूट्रलला, म्हणजे तो परत जातो तिथे, लावली. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी वायर काढून वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थमध्ये घातली. बल्बची तार नुसती तांबूस झाली, निखाऱ्यासारखी. तीच वायर भटारखान्यातल्या सॉकेटच्या अर्थमध्ये घातली, तर बल्ब पुन्हा लख्ख. "इथं गाडी चार्ज होईल, तिथं नाही. वेल्डिंगवाल्याकडं का झाली? त्याचं थ्री फेजचं काम, त्यानं अर्थिंगचा खड्डा नीट केलेला असणार." सहा महिने डोक्यात अडकलेली गाठ त्या क्षणी सुटली. (ही तपासणी वायरमनकडूनच करून घ्यावी. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर तो पडतोच.)

एक गोष्ट त्यांनी फार कळकळीने सांगितली, ती मी भेटेल त्याला सांगते. काही जण सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एका वायरीने जोडून देतात. लाल दिवा जातो, गाडी चार्ज होते आणि आपण खूश होतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली तर करंट गाडीच्या पत्र्यावर येतो. दाराला हात लावणारं पोर असू शकतं. असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

परतताना घरी पोचले तेव्हा १७ टक्के उरले होते. एवढा खालचा आकडा मी तोवर कधी बघितला नव्हता, आणि तो बघून भीती वाटली नाही.

पुढचं काम महिनाभर चाललं. आईच्या जुन्या जोडणीचा मंजूर भार, म्हणजे वीज घेण्याची मर्यादा, वाढवायला महावितरणकडे अर्ज केला. वायरिंग आजोबांच्या वेळचं, त्यावरून आठ-नऊ तास सलग १५ अँपिअर ओढणं धोक्याचंच होतं. मग मीटरपासून ओसरीपर्यंत ४ चौरस मिमीची वेगळी तांब्याची वायर ओढली आणि तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा) बसवला. अर्थिंगचा खड्डा परसात, न्हाणीघराच्या मागे घेतला, कारण तिथे ओल टिकते. माणसाच्या उंचीपेक्षा खोल खणून तांब्याची पट्टी सोडली, भोवती कोळसा आणि जाडं मीठ थराथराने भरलं आणि वर पाणी घालायला पाईप ठेवला. मजुरीसकट ११ हजारांच्या आसपास खर्च आला. काका स्वतः येऊन उभे राहिले. पैशांचं नाव काढलं तर रागावले. आईने त्यांना घरचा हातसडीचा तांदूळ बांधून दिला.

शेवटी त्यांनी नव्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावला आणि आईला जवळ बोलावलं. बल्ब लख्ख. मग मी चार्जर लावला. हिरवा दिवा लागला आणि आईने पदर तोंडाला लावला.

जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून उन्हाळ्यात पाईपात पाणी घालत राहायचं, असं काका तिला सांगून गेले होते. परवा तिचा फोन आला. तब्येत वगैरे काही नाही, पहिलं वाक्य हेच: "खड्ड्यात दोन कळश्या पानी घातलंया. कवा येतीस?"