अपलोड भरलेला असतानाही पिंग स्थिर: केक शेपरच्या जुळणीची नोंद

घरच्या फायबर जोडणीवर डाउनलोड १०० आणि अपलोड २० एमबीपीएस असा प्लॅन आहे, आणि केक हे राउटरवर वेग मर्यादित ठेवून पॅकेटची (माहितीच्या तुकड्यांची) रांग सांभाळणारे साधन, म्हणजेच शेपर, जुळवण्याच्या या नोंदीतील बहुतेक काम त्या २० च्या बाजूचे आहे. नेटवर्क मोकळे असताना मुंबईतील सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ, ८ मिलिसेकंद येतो. मोबाइलमधील व्हिडिओंचा बॅकअप सुरू झाला, की तोच पिंग ४०० च्या घरात जातो, मीटिंगमधील आवाज तुटतो आणि डाउनलोडही ९४ वरून ४० च्या खाली उतरतो. जोडणी देणाऱ्यांच्या तंत्रज्ञाने स्पीड टेस्ट लावून वेग पूर्ण मिळत असल्याचे दाखवले आणि ते खरेही होते, कारण त्या चाचणीत पिंग मोजला जातो तो वाट रिकामी असताना.

येथे हिशेब मांडला की दुखणे स्पष्ट होते. २० एमबीपीएसच्या वाटेवर ४०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे ८० लाख बिट, अर्थात १ मेगाबाइट माहिती कुठेतरी रांगेत उभी आहे. ही रांग राउटरमध्ये नसून त्याच्या पुढच्या ओएनटीच्या (फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या डब्याच्या) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचते, कारण राउटर आणि ओएनटी यांच्यातील केबल गिगाबिट वेगाची असल्यामुळे राउटरला पुढची वाट मोकळीच दिसते. डाउनलोड का घसरतो याचेही उत्तर याच रांगेत आहे. टीसीपी या पोचपावती घेत माहिती पाठवण्याच्या पद्धतीत डाउनलोड होणाऱ्या प्रत्येक प्रवाहाच्या पोचपावत्या अपलोडच्याच वाटेने जातात आणि बॅकअपच्या मागे अडकतात. ८ मिलिसेकंदांच्या फेरीत १०० एमबीपीएस गाठायला सुमारे १०० किलोबाइट माहिती वाटेत असली तरी पुरते. फेरी ४०० मिलिसेकंदांची झाली, की त्याच वेगासाठी ५ मेगाबाइट लागतात, आणि टीसीपीची विंडो (पोचपावतीआधी वाटेत सोडता येणाऱ्या माहितीची मर्यादा) तेवढी फुगेपर्यंत छोटी डाउनलोड संपूनही जातात. म्हणूनच लेटन्सी (विलंब) आणि थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळणारा वेग) यांना दोन वेगळे आजार समजून उपाय करत बसणे मला चुकीचे वाटते.

यावरचा उपाय म्हणजे रांग आपल्या ताब्यात आणणे. राउटरमधून बाहेर पडणारा वेग खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवला, की ओएनटीचा बफर भरत नाही, रांग राउटरमध्ये तयार होते आणि तेथे तिची व्यवस्था आपण ठरवू शकतो. फुगलेल्या बफरच्या या दुखण्याकडे जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग सांभाळण्याची पद्धत मांडली, जिच्यात रांगेची लांबी न मोजता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे पाहिले जाते. विलंब १०० मिलिसेकंदांच्या कालावधीत एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर पॅकेट टाकून देण्यास सुरुवात होते. २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ मध्ये दाखल झालेल्या केकमध्ये हाच विचार शेपर आणि प्रवाहनिहाय न्यायवाटपासह एकत्र आला. या कामामागे वर्षानुवर्षे उभे राहिलेले डेव्ह टाट २०२५ मध्ये गेले. आपल्यासारख्या घरगुती जुळणी करणाऱ्यांवर त्यांचे फार मोठे ऋण आहे.

राउटरवरील ओपन-डब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवर केक चालवणारे एसक्यूएम हे पॅकेज बसवून अपलोड १८ एमबीपीएसवर बांधला. ओव्हरहेड, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर वाटेत चढणारा जादा भार, ४४ बाइट दिला आहे आणि तो रिकामा सोडू नये असे माझे ठाम मत आहे: मोठ्या पॅकेटवर तो जेमतेम ३ टक्के असतो, पण ४० बाइटच्या पोचपावतीवर तो पॅकेटपेक्षाही मोठा ठरतो, आणि लहान पॅकेटची गर्दी झाली की चुकीचा हिशेब धरलेला शेपर नकळत वाट पुन्हा भरून टाकतो. घरातील यंत्रांमध्ये समान वाटप व्हावे म्हणून नॅटचा (घरातील सर्व यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) पर्यायही सुरू केला, कारण तो नसेल तर नॅटनंतर सगळी पॅकेट एकाच पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात आणि बॅकअप घेणाऱ्या फोनला रोखता येत नाही.

बॅकअप पूर्ण जोरात असताना टीसी या लिनक्समधील आज्ञेने शेपरची आकडेवारी उघडून पाहणे हा या जुळणीतील सर्वात समाधानाचा भाग आहे. सरासरी विलंबाच्या ओळीत ७ मिलिसेकंदांच्या आसपासचा आकडा होता, तर विरळ (थोडीच पॅकेट पाठवणाऱ्या) प्रवाहांच्या ओळीत काही मायक्रोसेकंद. म्हणजे मीटिंगच्या आवाजाची आणि डीएनएसची (संकेतस्थळाचा पत्ता शोधणारी) पॅकेट बॅकअपच्या रांगेत उभीच राहत नव्हती. टाकून दिलेल्या पॅकेटचा आकडा हळूहळू वाढत होता आणि तो वाढायलाच हवा, कारण पाठवणाऱ्याला वेग कमी करण्याचा इशारा त्यातूनच मिळतो.

डाउनलोडची बाजू अधिक अवघड आहे. पॅकेट आपल्याकडे पोहोचते तेव्हा अरुंद वाट त्याने आधीच ओलांडलेली असते, त्यामुळे येथे नियंत्रण अप्रत्यक्ष असते आणि जास्त मोकळीक ठेवावी लागते. मर्यादा ९० एमबीपीएसवर असताना नव्या जोडण्यांच्या सुरुवातीला पिंग उसळत होता, ८५ वर तो थांबला. हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेट पुढे पाठवण्याचे काम प्रोसेसरऐवजी वेगळ्या चिपकडे देणे) बंद केले आहे, कारण ते सुरू असताना पॅकेट शेपरला वळसा घालून जातात. ते बंद केल्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. जुन्या राउटरवर ३०० एमबीपीएसचा प्लॅन शेप करू पाहणाऱ्यांनी टॉप या आज्ञेतील एसआयआरक्यूचा आकडा, म्हणजे प्रोसेसर अशा कामात किती गुंतला आहे, हे आधी पाहावे.

फ्लेंट या नेटवर्क मोजणीच्या साधनातील आरआरयूएल चाचणीत, म्हणजे चार अपलोड आणि चार डाउनलोड एकाच वेळी सुरू ठेवून, वायर्ड संगणकावर पिंग आता १२ ते १६ मिलिसेकंदांत राहतो. वायफायवर मधूनच ४० च्या उसळ्या दिसतात. त्या हवेतील स्पर्धेच्या आहेत, म्हणून शेपरचा वेग त्या पाहून मी बदललेला नाही.

उरलेली अडचण संध्याकाळची आहे. रात्री ८ नंतर जोडणीचा खरा डाउनलोड कधी कधी ७० पर्यंत उतरतो आणि तेव्हा ८५ वर बांधलेल्या शेपरच्या हाती रांगच उरत नाही. वेग सतत मोजून मर्यादा बदलणारी केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट त्यासाठी बसवायला घेतली आहे. तिची किमान मर्यादा ६० ठेवणार असून अपलोड मात्र १८ वरच स्थिर राहील, कारण त्या बाजूला अशी घसरण आढळलेली नाही.