प्लॉटरवर मराठी पाटी कापताना: माझा अनुभव

मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपत होती. त्याच धांदलीत आम्ही २४ इंची कटिंग प्लॉटर (स्टिकरच्या शीटमधून पात्याने अक्षरं कापणारं मशीन) घेतला. डीलरच्या माणसाने मशीन जोडलं, इंग्रजी अक्षरं सुरेख कापून दाखवली आणि तो गेला.

अडलं ते पहिल्याच मराठी पाटीला. काचेवर 'महालक्ष्मी वस्त्रालय' लावायचं होतं. व्हायनल (मागून चिकट असलेली प्लास्टिकची शीट) कापून सोलायला घेतलं तर शिरोरेषेत जोडाजोडावर उभी चीर! अक्षरांभोवतीचा जादा भाग ओढला की जोडातला बारीकसा चौकोन त्याच्याबरोबर उचलून यायचा. 'म' एकीकडे, 'हा' दुसरीकडे. डीलरला फोन केला. "प्रेशर वाढवा." वाढवलं, तर पात्याने खालचा कागदही चिरला. "ब्लेड बदला." ४५ अंशांचं नवं बसवलं, चीर तिथेच. मग "उद्या माणूस पाठवतो" सुरू झालं, आणि गिऱ्हाईक रोज दारात. महाराष्ट्रात मशीन विकता, मग एक मराठी शब्द कापून बघायला काय होतं? हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दोष मशीनचा नव्हताच. फॉन्टमध्ये एका अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. छपाईत ते कळत नाही. पण पातं कडेकडेने फिरतं, म्हणून दोन्ही अक्षरांच्या कडा कापतं. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वायरफ्रेम (नुसत्या कडांच्या रेघा दाखवणारं दृश्य) लावून पाहिलं आणि त्या एकमेकींवर चढलेल्या रेघा स्पष्ट दिसल्या. मजकूर कर्व्हमध्ये (नुसत्या आकारांत) बदलला, अक्षरं वेल्ड केली, म्हणजे जोडून त्यांचा एकच आकार केला, आणि 'महालक्ष्मी' अखंड सोलून निघालं. हे आमचं आम्ही शोधलं, याचा मला अभिमान आहे.

वेल्डच्या आधी शुद्धलेखन गिऱ्हाइकाकडून तपासून घ्या. नंतर तो मजकूर राहत नाही, नुसता आकार उरतो. मूळ फाइल वेगळी ठेवा. बारीक अक्षरांतले अनुस्वार सोलताना हमखास निघून येतात, ते थोडे मोठे करा आणि स्पीड कमी ठेवा. काचेला आतून लावायचं असेल तर मिरर (आरशातल्यासारखं उलट) करायला विसरू नका. आणि हो, मशीन घ्यायच्या आधीच सांगायला हवं होतं: पैसे देण्यापूर्वी डीलरकडे आपल्या पेनड्राइव्हवरचा जोडाक्षरांचा शब्द कापायला लावा, आणि सोलूनही तिथेच बघा.